एक राजा, तो राजा आणि एक लेडीज

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की इंग्रजीतलं ए, ॲन, द आणि ते अनेकवचनाचं एस यात कुठे अडत असेल तर कळवा, आणि मग पोस्टकार्डं काय, ईमेल काय, व्हॉट्सॲपवर फोटो काय, विचारू नका. सगळे प्रश्न घेणं शक्य नाही, पण बरेचसे एकमेकांसारखेच आहेत, त्यामुळे तुमचा नसला तरी तुमच्यासारखा एखादा इथे सापडेलच. मराठी माध्यमाच्या शाळेत जन्म गेला माझा इंग्रजी शिकवण्यात, वह्यांचे गठ्ठे तपासून तपासून एक गोष्ट माझ्या पक्की डोक्यात बसलीये, ती म्हणजे आपली मुलं या चुका बावळटपणाने करत नाहीत, मराठीचं व्याकरण इमानेइतबारे इंग्रजीत पाळतात म्हणून करतात. चला, सुरू करू.

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा आठवीत आहे. त्याला क्लासमध्ये सांगितलंय की गोष्ट पहिल्यांदा आली की 'ए' आणि दुसऱ्यांदा आली की 'द'. त्याने 'प्लीज क्लोज ए डोअर' लिहिलं तर त्यावर काट. दार तर पहिल्यांदाच आलं होतं ना? मग चुकलं काय? – एक आई, सातारा

मुलाने नियम पाळला, नियमच अर्धा होता. आधी तो अर्धा खरा कुठे आहे ते बघू. श्रावणात आपण कहाणी वाचतो ना, "आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या, एक आवडती, एक नावडती." बघा, राजा पहिल्यांदा आला तेव्हा 'एक राजा', पुढच्याच वाक्यात 'त्या राजाला'. हेच इंग्रजीत 'ए किंग' आणि 'द किंग'. म्हणजे आपल्याला हे येतं, चार वर्षांच्या पोरालाही येतं, कोणी शिकवलेलं नसतं. आणि गंमत म्हणजे इंग्रजीतलं 'ए' आणि 'ॲन' हे जुन्या इंग्रजीतल्या 'एक' या शब्दाचंच झिजलेलं रूप आहे आणि 'द' हे 'तो, ती, ते' या अर्थाच्या शब्दाचं. त्यांनी एक आणि तो वापरून वापरून गुळगुळीत केले, आपण अजून धडधाकट ठेवलेत, एवढाच फरक.

आता मेख कुठे आहे, तर त्याच कहाणीच्या पहिल्या वाक्यात. 'आटपाट नगर होतं', इथे एक कुठाय? नाहीये! मराठीला ते गाळायची मुभा आहे. 'दारात कुत्रा आलाय' म्हटलं की तो गल्लीतला कुठला तरी कुत्रा की आपला मोत्या, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. इंग्रजी ही मुभा देत नाही, एक तर 'ए डॉग' म्हणा नाहीतर 'द डॉग', मधलं काही नाही. मी वर्गात सांगायचे की एकटं, मोजता येणारं नाम इंग्रजीत अनवाणी घराबाहेर पडत नाही, त्याच्या पायात काहीतरी लागतं, ए, द, माय, धिस, काहीही चालेल पण एक हवंच, आणि दोन घालायची नाहीत, 'द माय हाऊस' नको. 'माय ब्रदर इज इंजिनिअर' हे आपलं सगळ्यात लाडकं अनवाणी वाक्य, कारण मराठीत 'माझा भाऊ एक इंजिनिअर आहे' म्हटलं तर भाषण सुरू झाल्यासारखं वाटतं, म्हणून आपण एक गाळतो आणि इंग्रजीतही ए गाळतो.

आता ए की द हे ठरवायला पहिल्यांदा-दुसऱ्यांदा मोजत बसू नका, एक सोपी युक्ती सांगते. वाक्य बोला आणि समोरचा 'कुठला?' असं विचारेल का ते बघा. 'आय बॉट ए शर्ट', विचारेल ना, कुठला शर्ट, म्हणून ए. 'दार लाव' म्हटल्यावर कोणी 'कुठलं दार?' विचारत नाही, विचारलं तर तो आळशीपणा समजावा. खोलीला दार एकच, दोघांनाही माहीत, म्हणून पहिल्यांदाच 'द डोअर'. फ्रीजमधून दूध काढ, गॅस बंद कर, सूर्य मावळला, सगळीकडे द फ्रीज, द गॅस, द सन. मुलाला सांगा, पहिल्यांदा-दुसऱ्यांदा विसर, 'कुठला?' विचार.

आणि एक, बोलता बोलता आठवलं. 'मला आंबे आवडतात' यात कुठलेच ठरावीक आंबे नाहीत, सगळी आंब्याची जात, म्हणून 'आय लाइक मँगोज', द नाही. 'द मँगोज' म्हटलं की टेबलावर ठेवलेले, काकांनी देवगडहून पाठवलेले ते. तसंच 'सोसायटी'चं. निबंधात मुलं 'द सोसायटी शुड चेंज' असं लिहितात, समाज या अर्थाने, तर समाज म्हणजे नुसतं 'सोसायटी'. द लावलात की ती तुमची हाउसिंग सोसायटी होते, जिच्यात मेंटेनन्स थकलाय आणि टाकीत पाणी नाहीये. बदलायला तीही हवी म्हणा, पण निबंधाचा विषय तो नव्हता.

प्रश्न: आम्ही अभ्यासिकेत बसतो, तिथे भिंतीवर कोणीतरी लिहिलंय 'आय ॲम ॲन एमपीएससी ॲस्पिरंट'. एक जण म्हणतो एम हा व्यंजन आहे म्हणून 'ए' पाहिजे. दुसरा म्हणतो ॲनच बरोबर. पैज लागलीये, वडापावची. – पुणे

वडापाव ॲनवाल्याला द्या. ए आणि ॲन हा कानाचा मामला आहे, डोळ्याचा नाही. एम लिहिताना व्यंजन असेल, बोलताना आपण 'ए' या स्वराने सुरुवात करतो, एम, म्हणून ॲन एमपीएससी. आणि तुमच्याच शेजारी बसलेला यूपीएससीवाला मात्र 'ए यूपीएससी ॲस्पिरंट', कारण यू दिसायला स्वर पण तोंडातून निघताना 'य'. एकाच अभ्यासिकेत परीक्षेच्या तापाने पोळलेले दोघे, पण एकाला ॲन, एकाला ए. याच हिशेबाने ॲन एसटी बस, ॲन एसएससी सर्टिफिकेट, ॲन एचएससी सर्टिफिकेट, ॲन एलआयसी पॉलिसी, ॲन एफआयआर, ॲन एक्सरे, पण ए बीएड, ए पीएचडी, ए यूपीआय पेमेंट. एनसीसी अक्षरं सुटी वाचतो म्हणून ॲन एनसीसी कॅडेट, पण नासा हा अख्खा शब्द म्हणून वाचतो म्हणून ए नासा सायंटिस्ट. ॲन आवर आणि ॲन ऑनेस्ट मॅन सगळ्यांना पाठ असतं, पण 'ए युनिव्हर्सिटी', 'ए युरोपियन' आणि 'ए वन-रुपी कॉइन' इथे लोक घसरतात.

एक खास आपली मराठी घसरगुंडी सांगते. वर्ष या अर्थाचा 'यिअर' आपण 'इयर' म्हणतो, कानाला इअर म्हणतो तसाच, त्यामुळे आपल्या कानाला तिथे स्वर ऐकू येतो आणि आपण 'ॲन इयर' लिहितो. मी स्वतः माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात 'फॉर ॲन इयर' लिहिलं होतं आणि मुलाखतीला समोर बसलेल्या बाईंनी काही न बोलता पेन्सिलीने त्या ॲनभोवती गोल काढून कागद माझ्याकडे सरकवला होता. नोकरी मिळाली, पण तो गोल अजून दिसतो मला. वर्षाला 'ए', कानाला 'ॲन'.

बाय द वे, या ए-ॲनच्या गोंधळात खुद्द इंग्रजही फसलेले आहेत, आणि त्यांचा पुरावा तुम्ही दर मॅचला मैदानावर बघता. 'अंपायर' या शब्दाच्या सुरुवातीला मुळात 'न' हे अक्षर होतं, जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, अर्थ जोडीचा नसलेला, म्हणजे दोघांच्या भांडणात तिसरा. पण 'ए' आणि त्यापाठोपाठ 'न' असं भराभर बोलताना लोकांना वाटलं की न हा ॲनमधला आहे, आणि शब्दाचा न पळवून नेऊन ॲनला जोडला, उरला अंपायर. स्वयंपाकघरातल्या एप्रनचंही तेच, तोही आधी न ने सुरू व्हायचा, नॅपकिन त्याच्या घरातलाच, त्याचा न शाबूत राहिला. कधी उलटही झालं, टोपणनावाला जुना शब्द 'ईकनेम' होता, म्हणजे जास्तीचं नाव, त्याला ॲनमधला न येऊन चिकटला आणि झालं 'निकनेम'. म्हणजे तुमच्या अभ्यासिकेतल्या भिंतीवरचं भांडण काही शतकं जुनं आहे.

प्रश्न: ऑफिसमध्ये मी पत्रं तयार करते. 'फर्निचर्स', 'इन्फॉर्मेशन्स', 'ॲडव्हायसेस', 'इक्विपमेंट्स' या सगळ्यावर साहेबांनी लाल रेघा मारल्या. चार टेबलं आणि सहा खुर्च्या असतील तर फर्निचर एकवचनी कसं? – नागपूर

कारण मराठीतही ते एकवचनीच आहे, तुमचं लक्ष गेलं नाहीये इतकंच. तुम्ही कधी 'सामानं' म्हणता का? टेम्पोभर असलं तरी सामानच. 'माहित्या' म्हणता का, ढीगभर मिळाली तरी? नाही ना, 'बरीच माहिती मिळाली' म्हणता. इन्फॉर्मेशन म्हणजे माहिती, लगेज म्हणजे सामान, आणि फर्निचर आणि इक्विपमेंट हेही सामानाचेच प्रकार. तर एस लावायच्या आधी मनात तिथे 'माहिती' किंवा 'सामान' घालून बघा, अर्ध्या लाल रेघा तिथेच जातील. स्टेशनरी, मशिनरी, ज्वेलरी, होमवर्क, सॉफ्टवेअर, फीडबॅक, सगळं याच पोत्यात. स्टाफ म्हणजे सगळे कर्मचारी मिळून, म्हणून 'टू स्टाफ्स ॲबसेंट' नाही, 'टू स्टाफ मेंबर्स'.

मोजायचेच असतील तर आपण काय म्हणतो, सामानाचे चार नग. हमाल विचारतो ना, किती नग आहेत? नग म्हणजे पीस. 'फोर पीसेस ऑफ लगेज', 'टू पीसेस ऑफ फर्निचर'. एवढं तंतोतंत जुळत असताना आपण पुस्तकातले नियम का घोकतो कोण जाणे.

पण, आणि इथे जरा थांबा, सगळीकडे मराठी मदतीला येत नाही, काही ठिकाणी तीच पाय ओढते. सल्ला मराठीत मोजता येतो, एक सल्ला, दहा सल्ले, फुकटचे तर वाटेल तेवढे, म्हणून तुम्ही ॲडव्हायसेस लिहिलंत. इंग्रजीत तो मोजत नाहीत, 'ए पीस ऑफ ॲडव्हाइस' म्हणजे सल्ल्याचाही नगच. बातमी-बातम्या आपल्याकडे आहेत, त्यांच्याकडे 'न्यूज' आहे, जिच्या शेवटी एस दिसत असूनही ती एकवचनी, 'द न्यूज इज गुड'. आणि केस! आपले केस अनेकवचनी, 'माझे केस गळतात', म्हणून 'माय हेअर्स आर फॉलिंग'. डोक्यावरचे सगळे मिळून 'हेअर', एकवचन, 'माय हेअर इज ब्लॅक'. मात्र वरणात दोन केस सापडले तर ते मोजलेत तुम्ही, तिथे 'टू हेअर्स' एकदम बरोबर, भांडायलाही बरं पडतं.

प्रश्न: जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवतो. मुलं 'माय मदर इज' बरोबर लिहितात पण वडिलांच्या वेळी 'माय फादर आर फार्मर'. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी! मला कळेना एक बरोबर आणि एक चूक असं कसं. – एक शिक्षक, बीड जिल्हा

सर, हा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला की मी तो दोन मैत्रिणींना फोन करून वाचून दाखवला. त्या मुलाने काय केलंय बघा. 'आई आली', 'बाबा आले'. 'आई काम करते', 'बाबा शेती करतात'. आपल्या बहुतेक घरांत आईला एकेरी आणि बाबांना आदरार्थी बहुवचन, तर पोराने जसंच्या तसं नेऊन ठेवलं, आईला इज, बाबांना आर. चूक व्याकरणाची म्हणाल तर आहे, पण त्यात अख्ख्या घराची बसायची जागा दिसते, आई चुलीपाशी, बाबा खाटेवर. (आजोबांनाही आर लावतात का आणि आजीला इज का ते बघून मला कळवा, मी पैज लावायला तयार आहे.)

मुलांना रागावू नका हे तुम्हाला सांगायला नकोच. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झालं, त्याआधी पाचवीत यायचं, तोवर मराठीचं व्याकरण अंगात मुरलेलं असायचं, आता दोन्ही भाषा एकाच वेळी उगवतात आणि एकमेकीत मुळं गुंततात, होणारच. एवढं सांगा की इंग्रजीत बाबा एकच असतील तर इज, मान द्यायचा तर तो दुसरीकडून द्यायचा. आणि एखादं हुशार पोर विचारेल, की मग 'यू आर' का म्हणायचं, समोर एकच माणूस असताना? तिथे त्याला शाबासकी द्या. कारण इंग्रजीतही आपल्यासारखंच होतं, एकट्याला 'दाऊ' आणि अनेकांना 'यू', मग मानाच्या माणसाला एकटा असला तरी यू म्हणू लागले, आपलं तू आणि तुम्ही तसंच, आणि पुढे पुढे सगळ्यांनाच यू म्हणत गेले, दाऊ मेलं. 'यू आर' हे त्यांच्या आदरार्थी बहुवचनाचं उरलेलं शेपूट आहे. म्हणजे तुमच्या पोराने बाबांना जे केलं ते त्यांनी अख्ख्या जगाला करून ठेवलंय.

आणि त्याच वाक्यात फार्मर अनवाणी आहे, तिथेही बघा जरा. 'ए फार्मर'.

प्रश्न: ताई, मी मुलीकडे इंग्लंडला आलेय सहा महिन्यांसाठी. नातू सात वर्षांचा. मी 'आय ॲम गोइंग टू द बेड' म्हटलं की खो खो हसतो, म्हणतो आजी, पलंगाकडे चाललीस का? इकडे 'इन हॉस्पिटल' म्हणतात आणि अमेरिकेतला भाचा 'इन द हॉस्पिटल'. मी कुणाचं ऐकू? – मूळ सांगलीच्या एक आजी

आजी, नातू बरोबर हसतोय, पण तुम्हीही हसा. 'गो टू बेड' म्हणजे झोपायला जाणं, तिथे पलंग ही वस्तू डोळ्यासमोर नाहीच, आपण अंथरुणाला पाठ टेकतो म्हणतो तसं. द लावला की मग ती लाकडी वस्तू आली. शाळेचंही तसं, मूल शाळेत जातं ते शिकायला, 'गोज टू स्कूल', पण मुलगी पालकसभेला गेली तर 'टू द स्कूल', इमारतीत गेली. मराठीत हा फरक आपण दुसरीकडे करतो. 'अण्णा दवाखान्यात आहेत' म्हटलं की लोक लगेच 'काय झालं?' विचारतात, म्हणजे ॲडमिट, आणि 'अण्णा दवाखान्यात गेलेत' म्हटलं तर असतील गोळ्या आणायला गेलेले. इंग्लंडमध्ये ॲडमिट असेल तर 'इन हॉस्पिटल', भेटायला गेलेला 'ॲट द हॉस्पिटल'. अमेरिकेत पेशंट असला तरी 'इन द हॉस्पिटल'च म्हणतात. दोन्ही बरोबर, तुम्ही जिथे जेवताय तिथलं बोला. आणि हो, चर्चला नुसतं 'टू चर्च' चालतं पण देवळाला 'टू द टेंपल' म्हणा, ते अजून त्यांच्या रोजच्या शब्दांत तितकं झिजलेलं नाही. जेवणाला काही नाही, 'आय हॅड लंच', क्रिकेटलाही काही नाही, पेटीला मात्र द, 'शी प्लेज द हार्मोनियम'.

प्रश्न: महाराष्ट्राला 'द' नाही, गोदावरीला आहे. कळसूबाईला नाही, सह्याद्रीला आहे. काही तर्क आहे का, की पाठच करायचं? – स्पर्धा परीक्षा, अहिल्यानगर

तर्क थोडा, पाठांतर थोडं. एकटा डोंगर, एकटं तळं, एकटं शहर, किल्ला, राज्य यांना काही नाही, कळसूबाई, लोणार लेक, सातारा, रायगड. नद्या, समुद्र आणि रांगा यांना द, म्हणजे द गोदावरी, दि अरेबियन सी, द सह्याद्रीज, द हिमालयाज. गावांना नाही, पण नावात मुळात साधा शब्द दडलेला असेल तर बऱ्याचदा द येतो, द गेटवे ऑफ इंडिया, द युनायटेड स्टेट्स, द मुंबई-पुणे एक्सप्रेसवे. रस्त्यांना सहसा नाही, मरीन ड्राइव्ह तसाच मोकळा. अनेकवचनी देशांना द, द नेदरलँड्स, द मालदीव्ज. गांबिया एकवचनी, पण नदीवरून नाव पडलं म्हणून अधिकृत नावातच द. युक्रेनला पूर्वी द लावायचे, १९९१ ला स्वतंत्र झाल्यावर तो त्यांना खटकू लागला, कारण द लावलं की देशापेक्षा एखादा प्रदेश असल्यासारखं वाटतं, आपल्याकडे दख्खनला 'द डेक्कन' म्हणतात तसं, म्हणून आता नुसतं युक्रेन. आणि वाक्यात 'सर्वात' आलं की द ठरलेला, 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र', १६४६ मीटर, हे सामान्य ज्ञानालाही उपयोगी पडेल.

प्रश्न: फ्लेक्स छापतो. गिऱ्हाईक सांगतं 'मोमो'ज', 'सँडविच'स', वर तो टिंब पाहिजेच. लावू का? – लातूर

पैसे त्याचे, फ्लेक्स त्याचा, पण विचारलंत म्हणून, नका लावू. तो टिंब मालकीचा आहे, राजूज म्हणजे राजूचं, अनेकवचनासाठी नुसता एस पुरतो. इंग्लंडमध्येही ही चूक इतकी चालते की तिला तिकडे 'भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी' असंच नाव पडलंय, तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकाला फार कानकोंडं व्हायचं कारण नाही.

प्रश्न: बाई, ३५ वर्षं बँकेत काढली, ए-द कधी लावलं नाही नीट, कुणाचं काही अडलं नाही. एका ए ने काय आभाळ कोसळतं? – डोंबिवली

आभाळ नाही पण चंद्रावर पंचाईत झालेली आहे. २० जुलै १९६९, नील आर्मस्ट्राँग शिडीवरून चंद्रावर पाय ठेवतो आणि सगळं जग ऐकतं, 'दॅट्स वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड'. आता 'मॅन' एकटा, अनवाणी, म्हणजे इंग्रजीत अख्खी माणूसजात. मग वाक्याचा अर्थ काय झाला, माणूसजातीसाठी छोटं पाऊल आणि माणूसजातीसाठीच मोठी झेप! त्याला म्हणायचं होतं 'फॉर ए मॅन', एका माणसासाठी, आणि मी तसंच म्हणालो असं तो सांगत राहिला, पण रेकॉर्डिंगमध्ये तो ए काही लोकांना ऐकू येईना, आणि त्या एका अक्षरावर अजून वाद चालतात. तुमच्या बँकेत एवढं झालं नसेल, मान्य.

पण बँकेतलंच उदाहरण देते. 'वुई हॅव फ्यू कस्टमर्स' आणि 'वुई हॅव ए फ्यू कस्टमर्स'. पहिल्यात मॅनेजर रडतोय, दुसऱ्यात बरं चाललंय. मराठीत आपण हेच काम एका 'च' वर भागवतो, थोडेच ग्राहक आहेत म्हणजे रड, थोडेफार आहेत म्हणजे ठीक. लिटल आणि ए लिटलचंही तसंच, 'थोडंच पाणी आहे' आणि 'थोडं पाणी आहे', उन्हाळ्यात या दोन वाक्यांतला फरक डोंबिवलीकरांना मी काय सांगावा. आता सांगा, मराठीत तुम्ही तो च कधी चुकीच्या जागी लावलात का ३५ वर्षांत?

प्रश्न: 'वन ऑफ माय फ्रेंड' की 'फ्रेंड्स'? आणि 'फाइव्ह रुपीज नोट' की 'फाइव्ह रुपी नोट'? – अकोला

फ्रेंड्स, कारण अनेकांतला एक. आपण चुकतो कारण मराठीत एक मित्र आणि दहा मित्र, शब्द हलतच नाही, हात, देव, दगड, मित्र, असे पुष्कळ पुल्लिंगी शब्द आपल्याकडे जागचे हलत नाहीत. 'मित्रांपैकी एक' असं मनात म्हणा, त्या 'त्रां'वरचा अनुस्वार म्हणजेच तो एस. नोट मात्र 'फाइव्ह-रुपी', नामाच्या आधी आकड्याला जोडून आलेला शब्द एस घेत नाही, 'ए टेन-यिअर-ओल्ड बॉय'. खिशात पैसे मोजताना 'फाइव्ह रुपीज'.

प्रश्न: आमच्याकडे सगळे 'एक लेडीज', 'एक पेरेंट्स', 'एक सॉक्स' म्हणतात. ऐकून अंगावर काटा येतो. तुम्ही लिहा ना काहीतरी! – ठाणे

काय लिहू? इंग्रजी बोलताना म्हणत असतील तर चूक, ए लेडी, ए पेरेंट, ए सॉक. पण मराठी बोलताना म्हणत असतील तर तो आता मराठी शब्द आहे, आणि मराठी शब्दाला मराठीचे कायदे. आपण बसचं 'बसेस' करतो पण बॅगेचं 'बॅगा' आणि फाइलचं 'फायली' करतो, तिथे कुणाच्या अंगावर काटा येत नाही. उलट आपली कात्री एक असते, चष्मा एक असतो, पँट एक असते, इंग्रजांकडे सिझर्स, ग्लासेस, ट्राउझर्स सगळं अनेकवचनी, एक मागायची तर 'ए पेअर ऑफ'. त्यांनी एकाचे अनेक केले, आपण अनेकांचा एक केला, फिट्टंफाट.

परवाच एसटीने येत होते, माझा स्टॉप आला, डबल बेल झालेली, तेवढ्यात कंडक्टर मागून ओरडला, "ओ थांबवा, एक लेडीज उतरायच्यात!" लेडीज, एक, आणि वर आदरार्थी बहुवचन. मी गुपचूप उतरले.